‘जर’च्या पोटात ‘जर’

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. संगणकाच्या गप्पा मारताना मी तुम्हाला नेहमी इतरांच्या फजितीच्या गोष्टी सांगत असतो. आज माझी स्वतःची सांगणार आहे.

गोष्ट १९९७ सालची. आमच्या गावच्या वाचनालयात नवाकोरा संगणक आला. त्याला मखमली झाकण, वर उदबत्तीचा वास, आणि कोणी हात लावू नये म्हणून शेजारी शिपाई! ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, "काय हो, उशिरा आलेल्या पुस्तकांचा दंड हे यंत्र काढून देईल का?" मी तेव्हा ‘सी’ नावाची संगणकाची भाषा नुकताच शिकलो होतो. नुकतंच पोहायला शिकलेला मुलगा जसा विहीर दिसली की उडी मारतो, तसा मी म्हणालो, "दोन दिवसांत देतो करून!"

दंडाचे नियम सोपे होते. बालसभासदांना दिवसाला २५ पैसे, मोठ्यांना दिवसाला १ रुपया. दिवाळीच्या सुटीत मुलं मामाच्या गावाला जातात, म्हणून त्या दिवसांत बालसभासदांना दंड माफ. झालं, मी प्रोग्रॅम लिहिला. पण बाईंना दर शनिवारी एक नवा नियम आठवायचा. संदर्भग्रंथाला दुप्पट दंड. दिवाळी अंकाची मुदत निम्मी. आजीव सभासदाला पहिले आठ दिवस सवलत. पुस्तक हरवलं तर वेगळंच. प्रत्येक नियमासाठी मी आधीच्या ‘जर’च्या पोटात आणखी एक ‘जर’ कोंबत गेलो. चार महिन्यांत त्या प्रोग्रॅमची गत उन्हाळ्यात माळ्यावर टाकलेल्या मांज्यासारखी झाली. टोक कुठलं आणि गाठ कुठली, कळेना.

तरी तो चालत होता, बरं का! म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

सहावीतली एक मुलगी दर रविवारी न चुकता पुस्तक बदलायला यायची. फेब्रुवारीत ती आजारी पडली आणि पुस्तक १२ दिवस उशिरा आलं. संगणकानं चिठ्ठी छापली : दंड १२ रुपये. तिनं काही न बोलता दुसऱ्या दिवशी सगळी चिल्लर आणून टेबलावर मोजली आणि ती निघून गेली. त्यानंतर ती आलीच नाही. दीड महिन्यानं बाईंना ती बाजारात दिसली. "का गं, येत नाहीस?" असं विचारल्यावर म्हणाली, "आईला सांगितलं नाही अजून. खाऊचे साठवलेले होते ते सगळे गेले."

आता तुम्हीच हिशेब करा. १२ दिवस, दिवसाला २५ पैसे. किती झाले? ३ रुपये! मग संगणकानं १२ का छापले?

त्या संध्याकाळी मी माझाच प्रोग्रॅम वाचायला बसलो, आणि मला तो कळेना. मीच लिहिलेला, चारच महिन्यांपूर्वी! रात्री साडेदहाला चूक सापडली. ती मराठीत मांडून दाखवतो :

दर = २५ पैसे
जर सभासद बाल असेल
  जर दिवाळीची सुटी असेल
    दर = ०
नाहीतर
  दर = १ रुपया

वाचा बरं. ‘नाहीतर’ कुणाचं? तुम्ही म्हणाल, पहिल्या ‘जर’चं; त्याच्या बरोबर खाली तर लिहिलंय! सभासद बाल नसेल तर १ रुपया. मलाही तेच म्हणायचं होतं. पण ‘सी’ भाषेत समासाला काडीची किंमत नसते. ओळ आत सरकवा नाहीतर बाहेर काढा, संगणक ‘नाहीतर’ची गाठ मारतो ती सगळ्यांत जवळच्या मोकळ्या ‘जर’शी. इथे जवळचा ‘जर’ कोणता? दिवाळीच्या सुटीचा. म्हणजे संगणकानं असा अर्थ घेतला : सभासद बाल असेल आणि दिवाळीची सुटी नसेल, तर १ रुपया. आणि मोठ्या सभासदाला? त्याच्यासाठी काहीच सांगितलेलं नाही, म्हणून पहिल्या ओळीतले २५ पैसे! चार महिने आमचं वाचनालय मुलांकडून चौपट आणि मोठ्यांकडून पावपट दंड घेत होतं. मोठ्यांपैकी एकानंही तक्रार केली नव्हती. अर्थात!

महिरपी कंसांची एक जोडी घातली असती तर हे टळलं असतं. (तुमच्यापैकी जे शाळेत ‘स्क्रॅच’ शिकतात त्यांना हा त्रासच नाही. तिथे ‘जर’चा ठोकळा तोंड उघडून बसलेला असतो, त्याच्या जबड्यात जे बसेल ते त्याचं. आणि ‘पायथन’मध्ये समासच अर्थ ठरवतो.) पण खरी गोष्ट कंसाची नव्हतीच. प्रोग्रॅम इतका गुंतागुंतीचा झाला होता की चूक डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती. मग मला प्रश्न पडला, की गुंता मोजता येतो का? ताप जसा आपण थर्मामीटरनं मोजतो, तसा? ‘फार गुंता झालाय’ असं म्हणणं वेगळं आणि ‘१०२ ताप आहे’ म्हणणं वेगळं.

पहिली कल्पना कुणालाही सुचेल. ओळी मोजा. पण त्यात फारसं हशील नाही. शंभर ओळींचा प्रोग्रॅम नुसता शंभर वाढदिवसांची यादी छापत असेल, तर तो तुमचा धाकटा भाऊही वाचेल. आणि वरच्या माझ्या सहा ओळी पाहा!

नेमकी हीच अडचण टॉमस मॅकेब नावाच्या एका अमेरिकन गणितज्ञानं पकडली. १९७६ साली त्यानं एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की ओळी मोजू नका, वाटा मोजा. प्रोग्रॅम म्हणजे एक गाव समजा. वेशीतून आत शिरायचं आणि दुसऱ्या वेशीतून बाहेर पडायचं. गावात फाटे नसतील तर वाट एकच, कोणी चुकणार नाही. पण प्रत्येक ‘जर’ म्हणजे एक फाटा. डावीकडे जायचं की उजवीकडे? जितके फाटे जास्त, तितका गुंता जास्त.

आणि मोजायची रीत इतकी सोपी, की ऐकून हसू येईल. प्रोग्रॅममधले हो-नाहीचे प्रश्न मोजायचे आणि त्यात १ मिळवायचा. बस्स! फाटा नसलेल्या प्रोग्रॅमचा आकडा १. एक ‘जर’ असेल तर २. लूप असेल, म्हणजे ‘जोवर अमुक आहे तोवर हे करत राहा’ अशी आज्ञा असेल, तर तोही एक प्रश्नच, कारण प्रत्येक फेरीला ‘अजून आहे का?’ असं विचारावंच लागतं.

आता कागद-पेन्सिल घ्या. नुसतं वाचू नका, काढून बघा. लीप वर्ष ओळखायचा नियम तुम्हाला पाठ आहे. ज्या वर्षाला ४ नं भाग जातो ते लीप. पण १०० नं भाग जात असेल तर नाही. पण ४०० नं जात असेल तर आहे! हा ‘पण... पण’ १५८२ साली पोप ग्रेगरी यांच्या काळात कॅलेंडर सुधारलं तेव्हापासूनचा. याचा फ्लोचार्ट काढा. तीन प्रश्नांचे तीन चौकोन (शंकरपाळ्याच्या आकाराचे काढलेत तर उत्तम), ‘लीप आहे’ आणि ‘लीप नाही’ हे दोन, आणि शेवटी ‘समाप्त’. एकूण ६ ठिकाणं झाली. आता त्यांना जोडणारे बाण मोजा. प्रत्येक प्रश्नातून दोन म्हणजे ६, आणि दोन उत्तरांतून समाप्तीकडे जाणारे २. एकूण ८. मॅकेबचं सूत्र आहे : बाण वजा ठिकाणं अधिक २. म्हणजे ८ – ६ + २ = ४. आणि प्रश्न अधिक एक? ३ + १ = ४. जमलं!

तिसरी गंमत बघा. बाण एकमेकांना छेदणार नाहीत अशा बेतानं आकृती काढलीत, तर बाणांच्या मध्ये बंदिस्त जागा तयार होतात, शेतांच्या बांधांसारख्या. त्या मोजा आणि त्यात बाहेरचा मोकळा माळ एक म्हणून मिळवा. पुन्हा ४! हे सूत्र मॅकेबनं आकाशातून आणलं नव्हतं. त्याची मुळं जातात थेट लिओनार्ड ऑयलरपर्यंत. कोनिग्सबर्ग शहरातले सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरून येता येईल का, हे कोडं ऑयलरनं १७३५-३६ च्या सुमाराला सोडवलं (उत्तर : नाही येत), आणि ठिपके आणि रेषांचं एक नवंच गणित जन्माला आलं. ते शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव कॅलिनिनग्राड. दोनशे चाळीस वर्षांनी त्याच गणितानं संगणकाचा ताप मोजला गेला.

आता तुम्ही म्हणाल, ४ आला, बरं मग? त्याचं करायचं काय? हाच तर खरा उपयोग. ४ याचा अर्थ, हा प्रोग्रॅम नीट तपासायला तुम्हाला किमान ४ वेगवेगळ्या वाटांनी चालून बघायला हवं. म्हणजे चार वर्षं घालून बघायची. २०२३ घाला, पहिल्याच फाट्यावरून ‘लीप नाही’कडे जाल. २०२४ घाला, दुसऱ्या फाट्यावरून ‘आहे’. १९०० घाला, तिसऱ्यापर्यंत जाऊन ‘नाही’. २००० घाला, तिसऱ्यापर्यंत जाऊन ‘आहे’. एकही वाट राहिली नाही. ज्यानं फक्त २०२३ आणि २०२४ घालून ‘चालतंय!’ म्हणून टाळी वाजवली, त्यानं अर्धं गाव पाहिलंच नाही.

राहिलेल्या अर्ध्या गावात काय दडलेलं असतं याची एक खरी गोष्ट सांगतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनं नोव्हेंबर २००६ मध्ये ‘झून’ नावाचा खिशात मावणारा गाणी ऐकायचा यंत्रडबा बाजारात आणला होता. ३१ डिसेंबर २००८ ला, म्हणजे नववर्षाच्या आदल्या दिवशी, त्यातलं ३० जीबीचं मॉडेल जगभर एकाएकी बंद पडलं. एखाददुसरा डबा नव्हे, त्या मॉडेलचे सगळेच! सुरू केला की पडद्यावर चित्र यायचं आणि तिथेच थिजायचं. पार्टीत गाणी लावायला बसलेल्यांचे चेहरे काय झाले असतील, कल्पना करा. कंपनीनं उपाय सांगितला तोही मजेदार : बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिचच्या घड्याळात दुपार झाली की मग सुरू करा. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सगळे डबे आपोआप गाऊ लागले!

काय झालं होतं? डब्यातलं घड्याळ १९८० सालापासून किती दिवस झाले ते मोजायचं. त्यावरून आज कोणतं साल ते काढायचा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्याचं मराठी रूप असं :

जोवर दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत
  जर हे वर्ष लीप असेल
    जर दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील
      दिवसांतून ३६६ वजा कर. वर्ष १ नं वाढव
  नाहीतर
    दिवसांतून ३६५ वजा कर. वर्ष १ नं वाढव

(इथे ‘नाहीतर’ कुठे बांधायचं ते कंसांनी नीट बांधलेलं होतं, तेवढं माझ्यापेक्षा बरं.)

प्रश्न मोजा. ‘जोवर’ एक, ‘जर’ दोन. तीन अधिक एक, चार. म्हणजे वाटाही चार. चालून बघू या. पहिली : दिवस ३६५ किंवा कमी, लूपमध्ये शिरायचंच नाही, थेट बाहेर. दुसरी : साधं वर्ष, ३६५ वजा. तिसरी : लीप वर्ष आणि दिवस ३६६ हून जास्त, ३६६ वजा. आता चौथी : लीप वर्ष, पण दिवस ३६६ हून जास्त नाहीत. म्हणजे नेमके ३६६. मग काय करायचं? काहीच लिहिलेलं नाही! काही वजा होत नाही, वर्ष वाढत नाही. संगणक बिचारा परत वर जातो. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का? आहेत, ३६६. वर्ष लीप आहे का? आहे. ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाहीत. परत वर. परत खाली. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा तो दिवसभर गोल फिरत राहिला. हा ३६६ वा दिवस येतो कधी? लीप वर्षाच्या ३१ डिसेंबरला, आणि झून बाजारात आल्यानंतर असा पहिला दिवस उजाडला तो २००८ चाच. म्हणून दोन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चार आकडा काही मोठा नाही, हे ध्यानात घ्या. आकडा लहान असला म्हणजे चूक नसते असं मुळीच नाही. पण तो आकडा ओरडून सांगत होता की बाबांनो, चार वाटा आहेत, चारही चालून बघा. चौथी वाट चालून बघायला एका माणसाला फार तर पाच मिनिटं लागली असती.

याहून छान गोष्ट पुढे आहे. ही चूक दुरुस्त करायला चौथ्या वाटेवर ‘इथे थांब’ अशी पाटी लावता येईल. चालेल ते. पण गुंता तसाच राहील. त्याऐवजी असं करून बघा. आधी एक चिमुकला तुकडा वेगळा लिहा आणि त्याला नाव द्या ‘वर्षाचे दिवस’. त्याचं काम एवढंच : वर्ष लीप असेल तर ३६६ सांग, नाहीतर ३६५ सांग. मग मूळ प्रोग्रॅम असा होतो :

जोवर दिवस ‘वर्षाचे दिवस’पेक्षा जास्त आहेत
  दिवसांतून ‘वर्षाचे दिवस’ वजा कर. वर्ष १ नं वाढव

संपलं! दोन ओळी. यात प्रश्न एक, आकडा २. चिमुकल्या तुकड्यातही प्रश्न एक, आकडा २. ३१ डिसेंबर २००८ घालून बघा. दिवस ३६६, वर्षाचे दिवसही ३६६. जास्त आहेत का? नाहीत. चला बाहेर! आपण चूक शोधून दुरुस्त केलीच नाही, ती राहायची जागाच पाडून टाकली. आणि गुंता नुसता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलला असंही झालं नाही. आधी तीन प्रश्न होते, आता दोन आहेत. ‘३६६ पेक्षा जास्त आहेत का’ हा तिसरा प्रश्न मुळात विचारायची गरजच नव्हती. मला विचाराल तर प्रोग्रॅम लिहिण्यातला सगळ्यांत मोठा आनंद यातच आहे. नवीन ओळ लिहिण्यापेक्षा जुनी ओळ खोडता येण्यात.

मॅकेबकडे परत जाऊ. त्यानं एक मर्यादाही सुचवली. प्रोग्रॅमच्या एका तुकड्याचा, म्हणजे फंक्शनचा, आकडा १० च्या वर गेला की त्याचे तुकडे करा किंवा पुन्हा लिहा. दहाच का? त्यात जादू काही नाही, पण तेवढा आकडा बरा वाटतो, असं त्यानंच प्रामाणिकपणे लिहिलंय. आपल्या लेखात त्यानं एक निरीक्षणही दिलं आहे, ते मला फार आवडतं. काही प्रोग्रॅमर असे सापडले, की कुणी न शिकवताही त्यांचे तुकडे ३ ते ७ च्या दरम्यान असायचे. आणि काहींचे नेहमी ४० ते ५०! वर त्यांचं ठाम म्हणणं असं, की हे याहून वेगळं लिहिताच येणार नाही. त्याला एकदा २४ तुकड्यांची एक टेप तपासायला मिळाली. जिथे चूक होऊन चालणारच नाही अशा कामाचे ते प्रोग्रॅम, आणि त्यातल्या एकाचा आकडा निघाला ६४!

गाणी बंद पडली तर फार तर हिरमोड होतो. पण हल्ली प्रोग्रॅम मोटारगाडीतही असतात. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २००७ साली टोयोटाची एक गाडी अचानक वेगानं धावत सुटून अपघात झाला आणि त्यात एक बाई मरण पावली. खटल्यात २०१३ साली मायकेल बार या तज्ज्ञानं न्यायालयात साक्ष दिली. त्यानं गाडीच्या इंजिनाचा प्रोग्रॅम मॅकेबच्या मापानं मोजला होता. ६७ तुकड्यांचा आकडा ५० च्या वर, आणि इंजिनाचा थ्रॉटल किती उघडायचा हे ठरवणाऱ्या तुकड्याचा १०० च्या वर! ज्यूरीनं कंपनीविरुद्ध निकाल दिला. दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘नासा’च्या अभियंत्यांनी त्याआधी केलेल्या तपासणीत गाड्या अशा सुसाट सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक बिघाड असल्याचा पुरावा मिळाला नव्हता, तो अहवाल २०११ साली आला होता. पण शंभर फाट्यांच्या गावात कुठे काय दडलंय हे छातीठोकपणे कोण सांगणार? ‘चूक आहे’ हे सांगणं अवघड, आणि ‘नाही’ हे सांगणं त्याहून अवघड.

आता या मापाचीही थोडी खोडी काढू. समजा महिन्याचा क्रमांक घेऊन नाव सांगायचं आहे. १ असेल तर जानेवारी, २ असेल तर फेब्रुवारी, असे बारा ‘जर’ एकाखाली एक. आकडा १३! दहाच्या वर. पण हे वाचायला कुणाला त्रास होतो का? छे! पाढ्यासारखं आहे. मॅकेबनंही अशा प्रकाराला सूट दिली होती. उलट तीन ‘जर’ एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा असे असले, तर आकडा फक्त ४, पण वाचताना डोक्याला मुंग्या येतात. कारण तिसऱ्या ‘जर’पाशी पोचेपर्यंत आधीचे दोन लक्षात ठेवावे लागतात. म्हणून २०१० नंतरच्या दशकात सोनारसोर्स या कंपनीतल्या अ‍ॅन कॅम्पबेल यांनी वेगळं माप सुचवलं. ते मोजतं वाचणाऱ्याचे कष्ट. एकाखाली एक तीन ‘जर’ असले तर १ + १ + १ = ३. पण पोटातल्या ‘जर’ला जास्त दंड. पहिल्याला १, त्याच्या पोटातल्याला २, त्याच्याही पोटातल्याला ३, एकूण ६. मला हे माप जास्त पटतं. मॅकेब सांगतो तपासायला किती कष्ट, आणि हे सांगतं वाचायला किती.

एक लबाडीही सांगून ठेवतो. आकडा कमी करायचा म्हणून काही जण मोठा प्रोग्रॅम कात्रीनं कापतात आणि तुकड्यांना ‘भाग १’, ‘भाग २’, ‘भाग ३’ अशी नावं देतात. आकडे झाले छोटे, पण वाचणाऱ्याला सतत उड्या माराव्या लागतात. ‘भाग २’मध्ये काय आहे हे नावावरून कळतं का? ‘वर्षाचे दिवस’ म्हटलं की आत न डोकावताही कळतं. तुकडा तोच चांगला, ज्याला सरळ नाव देता येतं.

आणि वाचणारा कोण असेल ते लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. १९९०च्या दशकाच्या शेवटी, सन २००० जवळ आलं तेव्हा, पुण्या-मुंबईतले शेकडो इंजिनीयर परदेशातल्या बँकांचे, विमा कंपन्यांचे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ‘कोबोल’ भाषेतले प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचत बसले होते. साल दोनच आकड्यांत लिहिलं होतं ना, ते ठिकठिकाणी शोधून दुरुस्त करायचं होतं. ज्यांनी ते लिहिले त्यांची नावंही या वाचणाऱ्यांना माहीत नव्हती. काही ठिकाणी तर शंभरचा नियम लिहिलेला, पण चारशेचा विसरलेला. म्हणजे २००० साल लीपच नाही! पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात, म्हणजे टीआरडीडीसीमध्ये, प्रोग्रॅमच वाचणारे आणि तपासणारे प्रोग्रॅम तयार करण्याचं काम वर्षानुवर्षं झालं, ते असल्याच कामासाठी.

बरं, वाचनालयाचं राहिलंच! मी माझा दंडाचा प्रोग्रॅम मोजला. १४ प्रश्न, आकडा १५. रविवारभर बसून तो पुन्हा लिहिला. पहिल्यांदा जे सोडून द्यायचे ते दारातच निरोपाला लावले : दिवस उशीर झालाच नाही? दंड शून्य, जा घरी. बालसभासद आणि दिवाळीची सुटी? दंड शून्य, जा घरी. पुढे त्यांची आठवण ठेवायची गरजच उरली नाही. मग सभासदाचा प्रकार आणि त्याचा दर यांचा एक छोटा तक्ता केला. बाल : २५ पैसे, मोठे : १ रुपया, आजीव : १ रुपया. आता दर शोधायला ‘जर’ नको, तक्त्यात बोट ठेवायचं. आणि बाईंना नवा नियम आठवला तर तक्त्यात एक ओळ वाढवायची. सगळ्यांत मोठ्या तुकड्याचा आकडा झाला ४.

बाईंनी त्या मुलीला निरोप धाडून बोलावलं आणि ९ रुपये परत दिले. तिनं ते मोजून घेतले. मग मला म्हणाली, "पण काका, कशावरून आता बरोबर आहे?" मी तिला कागदावर वाटा काढून दाखवल्या. तिनं एकेक वाट बोटानं चालून बघितली, आणि एक चूक काढलीही! दिवाळीच्या सुटीत सुरू होऊन सुटीनंतर संपणारा उशीर मी धरलाच नव्हता.

आता तुमचं काम. हे कोडं जुनं आहे; ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ सालच्या प्रोग्रॅम-तपासणीवरच्या पुस्तकाची सुरुवातच याच्यानं होते. तीन संख्या घ्यायच्या, त्या त्रिकोणाच्या बाजू समजायच्या, आणि त्रिकोण समभुज आहे, समद्विभुज आहे की विषमभुज, ते सांगायचं. फ्लोचार्ट काढा. प्रश्न मोजा. आकडा काढा. तेवढ्या वाटांसाठी संख्यांच्या जोड्या... चुकलो, त्रिकुटं तयार करा. मग शेजारच्या मित्राच्या फ्लोचार्टमध्ये तुमची त्रिकुटं घाला आणि त्याची तुमच्यात. आणि हो, ३, ४ आणि ७ हे त्रिकूट घालायला विसरू नका!